दुपारचा आकडा

जतपासून अथणीपर्यंतच्या गावांत एक बोलणं ठरलेलं होतं. मोतीबिंदू काढायचा तर मिरजेच्या कोठावळे मॅडमकडे, त्यांच्या हाताला यश आहे. डॉ. हेमांगी कोठावळे हे ऐकून हसायची. यश कसलं, नुसता सराव, म्हणायची. पण मनातून तिलाही ते खरं वाटायचं. डोळ्यातल्या भिंगाभोवती कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पिशवी असते. तिच्या पुढच्या पडद्याला गोल छेद द्यायचा, आतलं गढुळलेलं भिंग काढायचं, आणि मागच्या पडद्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असं ते काम. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोल उमटत जाताना हेमांगीला आपल्याला बोटं आहेत याचा विसर पडायचा.

तिचा नवरा मिहीर भौतिकशास्त्रज्ञ होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याने विद्युतदाब मोजण्यात उमेदीची वर्षं घातली होती. मग ते ज्ञान माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून त्याने दोन मित्रांबरोबर कंपनी काढली आणि मिरजेच्याच एका रुग्णालयात 'संवेद केंद्र' नावाचा विभाग उभारला. तिथे त्याचं पहिलं यंत्र बसलं तेव्हा तुलनेसाठी धडधाकट माणसांचे आकडे हवे होते. एप्रिलमधल्या एका दुपारी बाह्यरुग्ण विभाग आटोपून, मिहीरसाठी भडंगाचा पुडा घेऊन, हेमांगी त्या खोलीत गेली आणि उजवा हात पुढे करून बसली.

यंत्राच्या पोटात जे होतं ते मिहीर कुणालाही हौसेने समजावून सांगायचा. काही धातू शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत थंड केले की विजेला काडीचाही विरोध करेनासे होतात. त्यांना अतिवाहक म्हणतात. अशा दोन अतिवाहकांच्या मधे, अणूंचे मोजकेच थर मावतील इतका पातळ अवाहक पापुद्रा ठेवायचा. या सांध्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या की त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब जिन्यासारखा पायरीपायरीने वाढतो. पायरीची उंची ठरते ती फक्त लहरींच्या वारंवारतेवर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवर. सांधा कुणी बनवला, कुठल्या धातूचा, किती जुना, याला काही किंमत नाही. मिरजेत मोजा नाहीतर मॉस्कोत, पायरी तेवढीच. आजवरची सगळी मोजमापं माणसांच्या वस्तूंवर चालली होती आणि वस्तू झिजतात; हे माप झिजत नाही, असं सांगताना मिहीरचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा.

असे हजारो सांधे एका चकतीवर रचून त्याने त्यांच्याशी माणसाच्या चेतातंतूंची तुलना केली होती. विसावलेल्या हाताच्या नसांवर एक अत्यंत क्षीण विद्युतदाब असतो, व्होल्टच्या अब्जांश भागांत मोजावा लागेल इतका. हातापायांची ताकद हळूहळू हिरावून नेणारा, चेतापेशी झिजवणारा जो असाध्य आजार आहे, त्याची पहिली चाहूल या दाबाच्या घसरणीत लागते. लक्षणं दिसायच्या तीन ते आठ वर्षं आधी. मिहीरच्या गटाचा शोध तो हा.

हेमांगीचा आकडा घसरणीच्या पट्ट्यात आला.

मिहीरने तो वहीत लिहून घेतला. त्याने तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या दिवशीही ती रुग्ण तपासून त्याच वेळी आली आणि आकडा पुन्हा त्याच पट्ट्यात निघाला. तेव्हा मिहीर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे भरले होते.

"यंत्र चुकतंय म्हणायला जागाच नाही गं," तो म्हणाला. "तसं म्हणता आलं असतं तर मी सगळ्यात आधी म्हटलं असतं."

कायद्याने हेमांगीला शस्त्रक्रिया थांबवायची गरज नव्हती. तिच्या ज्येष्ठ सहकारी, डॉ. शिरगुप्पे मॅडम, तिला म्हणाल्याही की लक्षणं दिसतील तेव्हा बघू, आत्तापासून हात बांधून कशाला बसतेस. पण हेमांगीचा विचार सरळ होता. ज्या दिवशी बोट पहिल्यांदा चुकेल, त्या दिवशी त्या बोटाखाली कुणाचा तरी डोळा असेल. महिना संपायच्या आत तिने शस्त्रक्रियागृह सोडलं.

दुसरा निर्णय याहून अवघड होता. कोल्हापूरच्या एका संस्थेतली जुई नावाची तीन वर्षांची मुलगी त्यांच्या घरी दत्तक यायची होती. कागदपत्रं होत आली होती, दोन भेटी झाल्या होत्या. दुसऱ्या भेटीत जुई हेमांगीच्या चष्म्याची काडी मुठीत धरून तिच्या मांडीवर झोपली होती. मिहीरचं म्हणणं होतं की मुलीला सांभाळायला तो समर्थ आहे. हेमांगीने ऐकलं नाही. आईवाचून वाढलेल्या पोरीला आई द्यायची आणि आठ वर्षांच्या आत ती आई खाटेवर पडलेली दाखवायची, हे तिला करवणार नव्हतं. संस्थेच्या बाईंना तिने स्वतः फोन केला. बाई म्हणाल्या, तुम्ही खरं सांगितलंत हे फार मोठं केलंत. हेमांगी फोन ठेवून बाल्कनीत गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा पिळत राहिली.

पुढे यंत्राचं नाव झालं. राज्यभर केंद्रं निघाली. बोलण्यात 'आकडा' हा शब्द निराळ्याच अर्थाने रुळला. वधूवर सूचक मंडळांत रक्तगटाच्या खाली आकड्याचा रकाना आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर माणूस घेताना विचारू लागले, आकडा काढलाय का. आणि ज्यांचा आकडा वाईट येई त्यांना तो सांगायला कुणीतरी जाणतं माणूस लागे. ते काम हेमांगीकडे आलं.

ती ते फार चांगलं करायची. टेबलाच्या पलीकडे न बसता शेजारी बसायची. आधी पाणी द्यायची. मग स्वतःचा हात पुढे करून सांगायची, माझाही आकडा असाच आहे, आणि बघा, मी रोज कामाला येते. माणसं रडायची, पण तिच्यावर रागवायची नाहीत. जाताना कित्येक जण तिच्या पाया पडायचे.

घरी मिहीरने तिच्या सेवेत कसूर ठेवली नाही. तो स्वयंपाक शिकला. जड पातेली वरच्या फळीवर गेली, जाड मुठीचे चमचे आले. तिने कप उचलला की त्याची नजर कपावर नसे, बोटांवर असे. हळूहळू हेमांगीचीही तीच गत झाली. रोज डोळे उघडले की ती अंगठा एकेका बोटाला टेकवून बघायची. आज आहेत. एके काळी विसरायला होणाऱ्या त्या बोटांची ती आता दिवसरात्र राखण करत होती. दोघांची भांडणं थांबली, तसं हसणंही थांबलं. आजाऱ्याशी कुणी भांडत नाही.

आजार मात्र येत नव्हता. दोन वर्षं गेली, चार गेली, पाचवं लागलं. मिहीर म्हणायचा, तीन ते आठ असा काळ आहे, आपण सावध राहायचं.

त्या पाचव्या वर्षी केंद्रात समीना पठाण नावाची नवी तंत्रज्ञ रुजू झाली. एका दुपारी हेमांगी सहज यंत्राच्या खोलीत डोकावली तेव्हा समीना एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात मोजत होती. एक वाचन झालं. मग तिने हाताच्या तारा यंत्रापासून सोडवल्या, इकडची तार तिकडे आणि तिकडची इकडे लावली, आणि सगळं मोजमाप पुन्हा केलं. हेमांगीने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. गृहस्थ गेल्यावर तिने विचारलं.

समीनाने साधेपणाने सांगितलं. दोन वेगळे धातू जोडले आणि जोडाची एक बाजू गरम, दुसरी गार राहिली, की तिथे आपोआप थोडा विद्युतदाब तयार होतो. यंत्र थंड ठेवणारा पंप दुपारच्या उन्हात तापतो, त्याची गरम हवा एका जोडावर येते, दुसऱ्यावर येत नाही. मग हाताच्या दाबात हा उपरा दाब मिसळतो. तारा उलटवल्या की हाताच्या दाबाचं चिन्ह बदलतं, उपऱ्याचं बदलत नाही. दोन वाचनांतला फरक काढून निम्मा केला की उपरा निघून जातो.

"आतला सांधा अचूकच असतो, मॅडम," समीना म्हणाली. "तो अगदी बरोबर मोजतो. पण तारेतून जे येतं ते सगळंच मोजतो. ते हाताचं की पंपाचं, हे त्याला कसं कळणार? सकाळी फरक पडत नाही. दुपारी पडतो."

"आधी असं करत नव्हते," हेमांगी म्हणाली.

"नव्हते. वेळ दुप्पट लागतो ना, माणसं कमी होतात दिवसाला. कोठावळे सरांनीच सुरू केलं. गेल्या गणपतीच्या आधी पुण्याला आमचं प्रशिक्षण झालं, तेव्हा त्यांनीच शिकवलं."

"आणि आधीच्या लोकांचे आकडे?"

समीना जराशी अडखळली. "जुनं काही उकरायचं नाही, असं सांगितलंय."

हेमांगी तिथल्या स्टुलावर बसली. गणपतीच्या आधी. त्यानंतर दिवाळी आली होती. आणि दिवाळीच्या सुट्टीत मिहीरने स्वतः भिंतीला भोकं पाडून न्हाणीघरात तिच्या आधारासाठी स्टीलचा दांडा बसवला होता. बसवून झाल्यावर त्याला लोंबकळून, पक्का आहे, म्हणून दाखवलं होतं.

ती संध्याकाळी घरी गेली तेव्हा मिहीर स्वयंपाकघरात डाळिंब सोलत होता. तिच्या बोटांना त्रास नको म्हणून डाळिंब नेहमी तोच सोलायचा. हेमांगीने पर्सही खाली न ठेवता विचारलं की दुपारचे आकडे चुकीचे होते, हे त्याला कधी कळलं.

त्याने नाकारलं नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत, गार हवेत, तो उपरा दाब त्याने तपासला होता आणि तो नगण्य निघाला होता. तारा उलटवणं हा या शास्त्रातला श्रीगणेशा. पण रुग्णालयाला दिवसाला जास्त माणसं हवी होती आणि नगण्य गोष्टीसाठी वेळ कशाला घालवा म्हणून ती पायरी त्यानेच गाळली. मिरजेतली दुपार त्याने कधी मोजलीच नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रातून सकाळ-दुपारचा फरक कानावर आला, तेव्हा त्याला उलगडा झाला. भागीदार म्हणाले, पुढचं सुधारून घेऊ, मागचं काढलं तर कंपनी बुडेल आणि शोधही बुडेल.

"ते भागीदारांचं झालं," हेमांगी म्हणाली. "मी घरातच होते."

मिहीरने हातातली साल ताटलीत ठेवली. "तुझा आकडा चुकलाच आहे असं मला ठाऊक नव्हतं. पुन्हा मोजावं लागलं असतं. वाईटच आला असता तर तुला दुसऱ्यांदा मारल्यासारखं झालं असतं. आणि चांगला आला असता तर... तुझं काम, जुई. हे सगळं उगाच गेलं, असं तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणून दांडा बसवलास."

हेमांगीला वाटलं होतं आपण ओरडू, काहीतरी फेकू. तसं काही झालं नाही. तिने त्याच्या हातातून डाळिंब घेतलं, उरलेलं स्वतः सोललं, वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांची बॅग भरायला घेतली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, समीनाने तिचा हात तारा उलटवून मोजला. आकडा अगदी निरोगी निघाला. समीनाने आनंदाने तिला मिठी मारली. हेमांगीने तिच्या पाठीवर थोपटलं. मग व्हरांड्यात येऊन तिने कोल्हापूरला फोन लावला. संस्थेच्या बाईंनी आवाज ओळखला. जुई बेळगावला एका चांगल्या घरी गेली होती, शाळेत जात होती, पोहायला शिकत होती. आणखी काही सांगू का, असं बाईंनी विचारलं. नको, बरं झालं, असं म्हणून हेमांगीने फोन ठेवला.

मग तिने आणि समीनाने दुपारी मोजलेल्या माणसांना बोलावणी पाठवायला सुरुवात केली. रुग्णालयाने आधी समज दिली, नंतर हेमांगीला कामावरून कमी केलं. कमी केल्यावर ती लोकांच्या घरी जाऊ लागली.

दिगंबर ऐनापुरे कुपवाडला राहायचा. त्याचा लेथचा छोटा कारखाना होता. चाळिशीही न गाठलेला, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. आकडा ऐकल्यावर हात जायच्या आत घडी बसावी म्हणून त्याने सगळं धाकट्या भावाच्या नावावर केलं होतं. बोलावण्यावरून तो हात पुन्हा मोजून गेला होता, आकडा निरोगी निघाला होता, पण ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. हेमांगी गेली तेव्हा तो घराच्या पायरीवर शेंगा फोडत बसला होता. तिने सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कुणाची होती, आणि तो चुकीचा आकडा सांगणारं तोंड तिचंच होतं, हेही.

दिगंबरने हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. मग म्हणाला, "मी तवा दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार हुतो, मॅडम. भाऊच म्हणत हुता, मुंबईला जाऊन येऊ. पण तुमी शेजारी बसून इतकं मायेनं बोलला, तुमचा हात दाखवला. मला वाटलं, ही बाई खोटं कशाला बोलंल."

हेमांगीला मान वर करवेना.

"भाऊ आता काय परत द्यायचा न्हाई," तो पुढे म्हणाला. "त्याचंबी चुकलं न्हाई, त्यानं राबून वाढवलाय. फकस्त एक करा. घरात बायकोला तुमीच सांगा. माझ्यानं सांगवणार न्हाई. लहान लेकरागत जपलंय तिनं मला."

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. तिच्याही शेजारी हेमांगी बसली, पण या वेळी तिने पाणी पुढे केलं नाही, आवाजही मऊ केला नाही. जसं होतं तसं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि हेमांगीपुढे ठेवलेला चहाचा कप उचलून आत नेला.

पुढे बोभाटा झाला. वर्तमानपत्रांनी विषय उचलला, तेव्हा मिहीरच्या कंपनीने निवेदन काढलं. त्यात लिहिलं होतं की सुरुवातीच्या काही वाचनांत तापमानामुळे अत्यल्प विचलन आढळलं असून संबंधितांनी विनामूल्य फेरतपासणी करून घ्यावी. खाली मिहीरची सही होती. लोकांच्या रांगा लागल्या. यंत्रावरचा विश्वास उडाला नाही, उलट वाढला. चूक सुधारणारं यंत्र म्हणून.

हेमांगी सांगलीला एक खोली घेऊन राहत होती. पावसाळा सरल्यावर ती शिरगुप्पे मॅडमकडे गेली आणि म्हणाली, मला पुन्हा उभं राहायचंय. मॅडम सत्तरीला आल्या होत्या, तरी शिकाऊ डॉक्टरांचा सराववर्ग स्वतः घ्यायच्या. खाटकाकडून आलेले बकऱ्याचे डोळे थर्मोकोलच्या साच्यात बसवून त्यावर मुलं हात बसवत. तिथे कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकापाशी हेमांगी बसली.

पहिल्या दिवशी पडदा फाटला. ते साहजिक होतं. आठवडाभर फाटत राहिला. हात कापत नव्हता. बोटं सुईसारखी सरळ जात होती. गोल निम्म्यापर्यंत नीट यायचा आणि मग कुठूनसा एक क्षण मधे घुसायचा, जणू कुणीतरी आतून विचारायचं, आहेत ना? तेवढ्यात कड निसटायची आणि फाट मागच्या पडद्यापर्यंत धावायची. महिना झाला. शेजारचे पंचविशीतले डॉक्टर तिच्या पुढे निघून गेले. ते तिच्याशी फार अदबीने बोलायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

एके दिवशी शिरगुप्पे मॅडम तिच्या खांद्यामागे उभ्या राहून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या दुसऱ्या नळीतून बघत होत्या. पडदा फाटला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात शाबूत आहेत तुझे," त्या म्हणाल्या. "पण तू डोळा बघतच नाहीयेस, हेमांगी. तू तुझी बोटं बघतेयस."

"सवय लागलीय," हेमांगी म्हणाली.

मॅडमनी विचारलं, आणखी सहा महिने बसतेस का, कदाचित सवय जाईल. हेमांगीने समोरच्या फाटलेल्या पडद्याकडे पाहिलं. कदाचित या शब्दावर ती कुणाचा डोळा टांगणार नव्हती. ते तिने पाच वर्षांपूर्वी केलं नव्हतं, आताही करणार नव्हती. फरक इतकाच की या खेपेला तिला ते कुठल्या आकड्याने सांगितलं नव्हतं. तिने उपकरणं धुतली, पुसली, ट्रेमध्ये ओळीने लावली आणि हातमोजे काढले.

फाटकाबाहेर मिहीर गाडी घेऊन उभा होता. तिने घर सोडल्यापासून तो अधूनमधून असा यायचा. बोलायला फारसं नसायचं. आज त्याच्या चेहऱ्यावर जुनी, कौतुकाची काळजी होती. सराव कसा चाललाय, असं त्याने विचारलं. हेमांगीने सांगितलं की आजपासून बंद केला, आता शस्त्रक्रिया नाही, कधीच नाही.

मिहीर गोंधळला. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"पण का?" तो म्हणाला. "तुझा आकडा तर चांगला आला ना?"

हेमांगीने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. विश्वास होता, पाच वर्षांपूर्वी होता तेवढाच.

"हो," ती म्हणाली. "आकडा चांगला आला."

आणि गाडीला वळसा घालून ती बसस्टँडच्या दिशेने चालू लागली.